उजवीकडचा किनारा

१

बोटीवर आमचा दिवस सहाला सुरू व्हायचा. बाबा माझ्या आधी उठायचे. स्टोव्हवर चहा ठेवायचे, फळ्यांवरचं दव फडक्याने पुसायचे, मग शिडाच्या दोऱ्या एकेक ओढून बघायचे. सातला नागपूरहून आईचा फोन यायचा. ती रोज तेच दोन प्रश्न विचारायची. काय खाल्लं, आणि किनारा दिसतो ना. बाबा रोज तेच सांगायचे, "दिसून राहिला ना. डाव्या हातालेच आहे. कुठी जाते तो?"

कोकणच्या किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की जमीन डाव्या हाताला राहते आणि उजवीकडे नुसतं पाणी. मी नागपूरच्या एका शाळेत गणित शिकवते. निघण्याआधी मी आईला कागदावर रेघ ओढून हे दाखवलं होतं. बाकी वारा, भरती, ओहोटी तिच्या डोक्यावरून गेलं. किनारा डावीकडे आहे तोवर हे दोघं हरवत नाहीत, एवढं मात्र तिने पक्कं धरून ठेवलं.

माझे बाबा बळीराम गजभिये. कुही तालुक्यातल्या धानाच्या गावातून निघाले आणि अठ्ठावीस वर्षं बुटीबोरीच्या एका कारखान्यात फायबरच्या टाक्या बनवल्या. पन्नाशीपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी बुटीबोरीजवळ एक शेड भाड्याने घेतली आणि साडेतीन वर्षांत स्वतःच्या हाताने बावीस फुटांची शिडाची बोट बांधली. लोक बघायला यायचे, हसायचे. चारी बाजूंनी समुद्र जिथून सगळ्यांत लांब, त्या गावात हा माणूस बोट बांधत होता. बाबा हसणाऱ्यांना चहा पाजायचे आणि पुन्हा साचा घासायला बसायचे. साचा उचलायला कारखान्यातले जुने सोबती मनोहरराव यायचे, आणि रविवारी मी.

मी कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत होते. अंबाझरी तलावावर शिड सांभाळायला शिकले होते. पुढे दोन उन्हाळे आम्ही बापलेकीने कोकणात जाऊन रीतसर शिक्षण घेतलं. बोटीचं नाव बाबांनी आईवरून ठेवलं. 'अंजना'. आई आठवडाभर रुसली होती, पण फोटो मात्र तिने सगळ्या बहिणींना पाठवला.

२

गेल्या जानेवारीत ट्रेलरवर घालून बोट हर्णैला आणली. तिथून बंदरं घेत घेत वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, असा आमचा बेत होता. दिवसा चालायचं, संध्याकाळी कुठल्या तरी खाडीत नांगर टाकायचा. आठ-नऊ दिवसांचं काम.

हर्णैच्या बंदरावर एका वयस्क कोळ्याने विचारलं, कुठून आलात. बाबांनी सांगितलं. आजूबाजूचे हसले. तो म्हणाला, नागपूरला कुठला समुद्र?

"तिथी नाही म्हणूनच इथी आणली ना गा बोट," बाबा म्हणाले.

सगळे पुन्हा हसले, पण या वेळी वेगळं. तासाभरात तेच लोक बोट पाण्यात उतरवायला हात लावत होते.

बाबा कुठेही असंच बोलत. कारखान्यात पुण्याचे साहेब आले तरी 'मले' आणि 'तुले', माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मंचावर बोलावलं तरी 'मले' आणि 'तुले'. मी स्वतः शाळेत 'मला' म्हणते आणि घराचा उंबरा ओलांडला की 'मले'. लहानपणी एकदा मी त्यांना म्हटलं होतं, की माझ्या मैत्रिणींसमोर नीट बोला. ते चिडले नाहीत. म्हणाले, "बोली काय कपड्यावरचा डाग होय का वं, बाहेर जाताना धुऊन टाकाले?" त्या दिवसापासून त्यांचं बोलणं ऐकून मला कधी लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर छाती फुगायची.

पहिले तीन दिवस फार सुंदर गेले. सकाळी जमिनीवरून मतलई वारा यायचा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. बोट एकदाही पाण्याला घाबरली नाही. दाभोळ, जयगड, रत्नागिरी. बाबा सुकाणूचा दांडा धरून बसायचे आणि मधूनच बोटीच्या काठावर थाप मारायचे.

३

चौथ्या दिवशी आम्ही पूर्णगडच्या दक्षिणेला होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. मतलई पडली होती आणि खारा वारा सुरू व्हायचा होता. समुद्र अगदी सपाट. अचानक सुकाणू जड झालं. वाकून पाहिलं तर कुणाच्या तरी जाळ्याचा तुटका दोर त्यात गुंतला होता.

शिडं उतरवली. बाबांनी पांढऱ्या बनियनवरच कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं, सुरी घेतली आणि डाव्या बाजूने पाण्यात उतरले. आमची खूण ठरलेली होती. एक झटका म्हणजे दोर सैल सोड. दोन झटके म्हणजे वर ओढ.

ते दोनदा बुडी मारून वर आले. मी मनात आकडे मोजत होते. दोन्ही वेळा ते तीस-पस्तीसला वर आले. तिसऱ्या वेळी चाळीस झाले, साठ झाले. दोर ताठ झाला, मग सैल पडला. ऐंशीला मी उतरायला म्हणून काठावर बसून पाय पाण्यात सोडले. तेवढ्यात पाठीमागे, उजव्या बाजूला, काठावर थाप ऐकू आली.

वळून पाहिलं तर बाबांचे दोन्ही हात काठावर होते. मी धावत जाऊन त्यांना वर घेतलं. ते बाकावर बसले, श्वास घेतला आणि म्हणाले की गुंता सुटला. कमरेला दोर नव्हता. त्यांनी सांगितलं की तोही अडकला, म्हणून सोडावा लागला.

"मला टॉवेल दे," ते म्हणाले.

मी टॉवेल दिला आणि डावीकडचा दोर गोळा करायला गेले. दोन-तीन हात ओढला आणि तो अडला. खाली काहीतरी होतं. मी जोर लावला, आणि माझ्या हातात झटका आला. मग दुसरा. पाठोपाठ दोन, मोजून मापून दिलेले.

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्यासमोर बसले होते. केसांतून पाणी गळत होतं.

"खाली काही आहे," मी म्हटलं.

"जाळं असेल. सोड." ते उठले, स्वयंपाकाच्या डब्यातली सुरी घेतली आणि माझ्या मुठीजवळ दोर कापला. कापलेलं टोक हळू पाण्याखाली गेलं. मी बराच वेळ तिथेच बघत राहिले. मग खारा वारा आला आणि आम्ही शिडं चढवली.

४

'मला टॉवेल दे.' हे शब्द माझ्या लक्षात आले ते दुपारी, भाताचं पातेलं उतरवताना. एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'मला' ऐकलं नव्हतं.

मी स्वतःची समजूत घातली. आठवडाभर कोकणातल्या लोकांशी बोलणं चाललं होतं, त्यातून उचललं असेल. नाकातोंडात पाणी गेलं होतं, घशाला त्रास होत असेल. पण संध्याकाळी विजयदुर्गला नांगर टाकेपर्यंत ते एकदाही 'मले' म्हणाले नाहीत. 'काहून' नाही, 'कुठी' नाही. बोलणं स्वच्छ, शांत, रेडिओवरच्या बातम्यांसारखं.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. चहात साखर कमी. डाव्या हाताच्या बोटावर फायबरने कापल्याची जुनी खूण. मी सहज म्हणून शेडमधल्या गोष्टी काढल्या. पहिला साचा का फुटला, मनोहररावांनी कुठली पकड हरवली. त्यांना सगळं आठवत होतं. एकही उत्तर चुकलं नाही.

सकाळी आईचा फोन आला. बाबांनी सांगितलं, "किनारा दिसतो आहे. तू काळजी करू नकोस." पलीकडे ती हसली. मला म्हणाली, "तुहे बाबा त साहेबच झाले वं तिकडं जाऊन." तिच्या आवाजात कौतुक होतं. त्या कौतुकाला मला धक्का लावायचा नव्हता. मी पण हसले.

५

त्याच दिवशी, विजयदुर्गहून देवगडला जाताना, मला उजवीकडे किनारा दिसला.

आधी वाटलं ढग आहे. आडवी, करडी रेघ. पण ढग सरकतो. ही रेघ तासभर तिथेच होती, आणि तिच्यात हळूहळू रंग आला. खाली वाळूचा पट्टा, वर काळपट झाडी. मी डावीकडे पाहिलं. कोकणचा किनारा तिथे होता, डोंगर, एक देऊळ, मोबाइलचा टॉवर. मी उजवीकडे पाहिलं. तिथेही किनारा होता.

नकाशा काढला. उजव्या बाजूला नुसता निळा रंग, पार अरबस्तानापर्यंत. फोनवरच्या नकाशातही तसंच. उन्हात दूरची जमीन वर उचलल्यासारखी दिसते, हे मी मुलांना शिकवलं आहे. पण त्यासाठी दूर कुठेतरी जमीन असावी लागते.

"बाबा, उजवीकडे बघा बरं," मी म्हटलं.

ते दांडा धरून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"धुकं आहे," ते म्हणाले.

देवगडच्या खाडीत शिरलो आणि ते दिसेनासं झालं. जेट्टीवर एका मच्छीमाराला विचारलं की बाहेर त्या बाजूला एखादं बेट आहे का. तो म्हणाला, त्या बाजूला पाणी आहे. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला की ताई, डोक्यावर टोपी घालत जा, उन्हाने डोळे फसतात. मी दुसऱ्या दिवशी टोपी घातली.

६

मालवणच्या वाटेवर तो किनारा आणखी जवळ होता. टोपी असून. दुर्बिणीतून वाळूवर लाटा फुटताना दिसत होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता.

आणि वाळूवरून एक माणूस चालत होता.

एकटाच, दक्षिणेकडे, आम्ही जात होतो त्याच दिशेने. मी बोटीचा वेग मोजला. ताशी सात-आठ किलोमीटर. एवढ्या वेगाने माणूस अर्धा तास चालेल, फार तर तास. हा सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत बोटीच्या बरोबरीने होता. कधी थोडा मागे पडायचा, मग दहा-वीस पावलं धावायचा आणि पुन्हा चालायचा. अंगात पांढरी बनियन होती. यापेक्षा जास्त दिसत नव्हतं, आणि मी जास्त बघायचा प्रयत्न केला नाही. दुर्बीण डब्यात ठेवून दिली.

बाबा त्या दिवशी फार प्रेमाने वागत होते. त्यांनी माझ्यासाठी शिरा केला. दोरीची एक अवघड गाठ, जी दोन उन्हाळ्यांत त्यांना जमली नव्हती, ती न बघता बांधली. शिरा खाताना मी एकदा ठरवून आमच्या बोलीत बोलले. म्हटलं, "बाबा, तुम्हाले घरची आठवण येऊन राहिली का?"

"येते ना," ते म्हणाले. "मला तुझ्या आईची फार आठवण येते."

ते उजव्या बाजूला पाठ करून बसले होते. आता माझ्या लक्षात आलं, दोन दिवस ते तसेच बसत होते.

७

शेवटचा टप्पा मालवण ते वेंगुर्ला. वेंगुर्ल्याला लोक वाट बघत होते. नागपूरहून मनोहरराव आणि वस्तीतली दहा-बारा माणसं दिवस-रात्र प्रवास करून आली होती. वर्तमानपत्राचा माणूस येणार होता. बाबा म्हणाले, आज बंदरात बोट तू न्यायचीस. मी दांडा घेतला.

या भागात समुद्रात खडक आहेत. निवतीचे आणि वेंगुर्ल्याचे. ते नकाशावर आहेत, त्यांच्यावर दीपगृह आहे. दिसतंय ते तेच असावं, अशी मी आशा धरली होती. खडक आले आणि मागे गेले. किनारा त्यांच्याही पलीकडे तसाच चालू होता, आणि आता तो दुर्बिणीशिवाय दिसण्याएवढा जवळ आला होता.

तो माणूस थकला होता. चालताना गुडघ्यात वाकत होता. एक हात वर केलेला, दुसऱ्या हाताने कमरेशी काहीतरी धरलेलं. तिथून काहीतरी लोंबत होतं आणि वाळूवर फरपटत होतं.

मग आवाज आला. त्या बाजूने एवढ्या दिवसांत आलेला पहिलाच आवाज.

"मेघे! काहून जाऊन राहिली वं? मी इकडं आहो ना."

माझा हात दांड्यावर होता. बोट जरा डगमगली. समोर बसलेल्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिकडे बघू नकोस, बाळा," ते शांतपणे म्हणाले. "सरळ ठेव."

बाळा. बाबा मला मेघे म्हणायचे.

मी त्या वेळी काय विचार केला, ते मी नंतर शंभर वेळा आठवून पाहिलं आहे. तिथे जमीन नाही, हे मला ठाऊक होतं. नसलेल्या किनाऱ्यावर बोट घालणं म्हणजे वेडेपणा. बाबा माझ्यासमोर बसले आहेत, पुरावा समोर आहे, मी गणिताची बाई आहे. हे सगळं खरं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. समोर वेंगुर्ल्याची जेट्टी दिसायला लागली होती. तिच्यावर निळे झेंडे दिसत होते. नागपूरची बोट, गजभियेची बोट, तिथे पोचणार होती. शेवटच्या तासात घाबरून वळलेली पोर मला व्हायचं नव्हतं. माझा अभिमान आडवा आला.

मी दांडा सरळ ठेवला.

आवाज थोडा वेळ बरोबर चालत राहिला. तो चिडलेला नव्हता. शेवटचं मला स्पष्ट ऐकू आलं, धापा टाकत टाकत म्हटलेलं.

"चांगली चालवून राहिली वं, पोरी. लय चांगली चालवून राहिली."

मी उजवीकडे पाहिलं तेव्हा पाणी होतं.

८

वेंगुर्ल्याला हार झाले, फोटो झाले. नागपूरला विहारात सत्कार झाला. सभागृह भरून लोक बाहेर उभे होते. बाबा वीस मिनिटं बोलले, एकही शब्द न अडखळता, पुस्तकातल्यासारखं. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. एका प्राध्यापकांनी मला येऊन सांगितलं, की तुमच्या वडिलांची भाषा किती शुद्ध आहे. पहिल्या रांगेत आई नवी साडी नेसून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मनोहरराव चहाला थांबले नाहीत. दारात मला भेटले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मग म्हणाले की बसची वेळ झाली, आणि निघून गेले. त्यानंतर ते घरी आले नाहीत.

घरात कशाचीच तक्रार करता येत नाही. बाबा आईला भाजी निवडून देतात. तिचं ऐकून घेतात. कधी आवाज चढवत नाहीत. आईने एकदाच, कणीक मळताना, माझ्याकडे न बघता म्हटलं, "माणूस चांगला आहे वं. पण मले काहून असं वाटते का आपल्या घरी पाहुणा राहून राहिला?" मी परातीत थोडं पाणी ओतलं. तिने पुन्हा विषय काढला नाही.

दिवाळीनंतर बाबांनी जाहीर केलं की या हिवाळ्यात आईलाही समुद्र दाखवायचा. वेंगुर्ल्याहून खाली, कारवारपर्यंत. आईला पाण्याची भीती. पण त्यांनी तिला महिनाभर गोडीगुलाबीने समजावलं आणि ती तयार झाली. मी शाळेत रजेचा अर्ज दिला. बाबा म्हणाले, तुला त्रास कशाला, आम्ही दोघं जाऊ. मी म्हटलं, मी येणार.

९

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वेंगुर्ल्याला पोचलो. बोट वर्षभर तिथेच, एका ओळखीच्या माणसाच्या वाडीत झाकून ठेवली होती. तिला कुठे चीर गेली नव्हती, रंग उडाला नव्हता. बांधणाऱ्याचा हात तसा होता. मी तिच्या पोटावर तळवा टेकवला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.

सकाळी सातला निघायचं होतं. मतलई सुरू झाली होती. आई केशरी जाकीट घालून जेट्टीच्या पायरीवर उभी होती, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरलेला. बाबा नांगराचा दोर गोळा करत होते.

"मी चालवतो," ते म्हणाले. "तू आईजवळ बस."

"नाही," मी म्हटलं. "दांडा माझ्याकडे राहील."

त्यांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मीही नजर हटवली नाही. या वेळी उजवीकडे काही दिसलं तर मी वळवणार होते. तिथे जमीन असो नसो. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण मला वाटतं त्यांना कळलं. ते पुढे जाऊन शिडाजवळ बसले, उजवीकडे पाठ करून.

मी आईला हात धरून बोटीत घेतलं. बसण्याआधी तिने बोटीवर रंगवलेल्या स्वतःच्या नावावरून एकदा हात फिरवला.

"कोणत्या बाजूले बसू वं?" तिने विचारलं.

"उजव्या."

तिने डबा मांडीवर घेतला आणि तिकडे पाहिलं. "इकडं त नुसतं पाणीच आहे."

"हाव," मी म्हटलं आणि शिडाची दोरी ओढली. "पाहत राह्यजो."